नगराभिमान आणि नगराचे पाणी

आमच्या शहरात परगावचा पाहुणा आला म्हणजे त्यास काय दाखवावयाचे हे बहुतेक ठरून गेलेले आहे. पहिल्या दिवशी बीबीका मकबरा व पाणचक्की, दुसऱ्या दिवशी देवगिरी व वेरूळ, सवड असल्यास अजिंठा. मग एखादी हिमरू शाल घेऊन पाहुणा परतीच्या वाटेस लागतो. मध्येच रिक्षावाला एखाद्या दरवाजाखालून गाडी नेताना मान न वळविताच सांगतो की, हे बावन्न दरवाजांचे शहर आहे. पाहुणा कौतुकाने मान डोलावतो व आम्हासही धन्यता वाटते. परंतु ह्या धन्यतेत आमचा स्वतःचा वाटा किती, हा प्रश्न वाचकांनी क्षणभर आपल्या मनाशी करून पाहावा. मकबरा औरंगजेबाच्या पुत्राने आपल्या मातेच्या स्मरणार्थ बांधविला. वेरूळचे कैलास राष्ट्रकूटांचे. दरवाजे हबशी वजिराचे आणि मोगलांचे. घरातील वडिलोपार्जित दागिना पाहुण्यास हौसेने दाखवावा आणि त्यास प्यावयास पाणी देण्यापूर्वी गृहिणीने टाकीत डोकावून पाहावे, तशातली आमची स्थिती आहे.

ही उपमा आम्ही केवळ अलंकार म्हणून योजिलेली नाही. नळास पाणी कोणत्या दिवशी व किती वाजता येणार हे पाहून श्राद्धाचा स्वयंपाक, मंगळागौरीचे आमंत्रण आणि आठवड्याचे धुणे ह्यांचा मेळ घालणाऱ्या गृहिणी आमच्याच आळीत आहेत. २०२२ च्या उन्हाळ्यात शहराच्या कित्येक भागांत आठ-आठ दिवसांनी पाणी येई, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ह्या एका प्रश्नावर येथे मोठा मोर्चा निघाला. ज्या शहराची प्रतिष्ठापनाच पाण्याच्या अद्भुत योजनेवर झाली, त्या शहरावर हा प्रसंग यावा ह्याचे आश्चर्य फारच थोड्यांना वाटते. कारण ती योजना काय होती हेच पुष्कळांस ठाऊक नाही.

खाम नदीच्या काठी खडकी नावाचे एक खेडे होते. खडकेश्वराच्या रूपाने त्या नावाची आठवण अद्याप टिकून आहे. गुलाम म्हणून दक्षिणेत आलेला व स्वपराक्रमाने निजामशाहीचा वजीर झालेला मलिक अंबर ह्याने १६१० मध्ये ह्या खेड्याचे नगर करण्याचे मनावर घेतले. त्याच्या पदरी असलेल्या मराठे सरदारांच्या नावांवरून मालपुरा, खेळपुरा, परसपुरा, विठापुरा असे पुरे वसले असे सांगतात. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये त्याने भडकल दरवाजा उभारला. दरवाजा सर्वांस दिसतो, म्हणून त्याची वर्णने सर्वत्र आढळतात. आमच्या मते मात्र अंबराची खरी करामत दरवाजात नसून जमिनीच्या पोटात आहे.

खाम ही काही बारमाही गंगा नव्हे. पावसाळा संपला की तिचा ओघ बेताचाच. एवढ्या लहान नदीच्या भरवशावर राजधानी वसविणे म्हणजे वाळूवर घर बांधणे, हे त्या वृद्ध सेनापतीने ओळखले. शहराच्या उत्तरेस हर्सूल-जटवाड्याच्या बाजूस डोंगर आहेत. त्या डोंगरउतारावर पडलेले पावसाचे पाणी मुरत मुरत जेथे जमिनीखाली साठते, तेथे त्याने विटा-चुन्याचा बंदिस्त मार्ग खोदविला आणि केवळ उताराच्या बळावर ते पाणी शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. मोट नाही, रहाट नाही, बैल नाही. ऊन लागून पाणी आटण्याची भीती नाही आणि गुराढोरांनी ते गढूळ करण्याचीही नाही. मार्गावर ठराविक अंतराने विहिरीसारखी तोंडे ठेवलेली, म्हणजे आत हवा खेळावी व गाळ काढण्यास माणसास उतरता यावे. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे काम झाले. पुढे ह्याच तत्त्वावर आणखीही नहरी निघाल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते हौद व थत्ते नहर ही नावे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी आपल्या आजोळी ऐकली असतील. अठराव्या शतकात पाणचक्कीस पाणी मिळाले तेही अशाच एका नहरीतून. ते पाणी सुमारे सहा किलोमीटरांवरून येई, भिंतीच्या माथ्यावर चढून हौदात कोसळे, आणि त्याच्या आघाताने फिरणाऱ्या जात्यावर बाबाशाह मुसाफिर ह्यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंचे व फकिरांचे पीठ दळले जाई. पाहुण्यास पाणचक्की दाखविताना आम्ही त्यास धबधबा दाखवितो; तो धबधबा जेथून निघाला ती नहर दाखवीत नाही.

ह्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट कारागिरीपेक्षाही क्रमाची आहे. अंबराने वस्तीबरोबरच पाण्याची तरतूद केली. लोक तहानेने ओरडू लागल्यावर नव्हे. नगररचनेचे सर्व शास्त्र ह्या एका क्रमात सामावले आहे असे म्हटले तरी चालेल. आमच्याकडील जुन्या ग्रंथकारांसही हा क्रम अवगत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराची व्यवस्था पाहणाऱ्या नागरिक नावाच्या अधिकाऱ्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्याने प्रत्यही कशाकशाची पाहणी करावी ह्याची जी यादी तेथे दिली आहे, तिच्यात तट, बुरूज, रस्ते ही सर्व आहेत. पण आरंभ पाण्याच्या स्थानांपासून आहे. रस्त्यावर केर टाकणारास दंड, सांडपाणी तुंबविणारास त्याहून अधिक दंड, अशीही तेथे योजना आहे. आज ज्यास आपण ‘नागरिक’ म्हणतो त्या शब्दास तेथे नेमलेल्या कामाचा अर्थ आहे, नुसत्या रहिवासाचा नाही. संस्कृत शिकविताना हा शब्द आला म्हणजे आम्ही मुलांस हे आवर्जून सांगत असू. मुले ते परीक्षेपुरते ध्यानात ठेवीत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगून टाकू. अंबराच्या मुलाने शहरास फतेहनगर असे नाव दिले. १६५३ मध्ये दक्षिणेचा सुभेदार होऊन दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने ते बदलून आपले ठेविले. पुढे मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धाकाने भोवती तट घातला. आसफजाही घराण्याने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादेस हलविली आणि शहर निस्तेज झाले. तटाच्या आत मोकळी मैदाने पडली, वाडे ओस पडले. १९०० मध्ये मनमाडकडून रेल्वे आली, त्याच्या आधी थोडी वर्षे कापडाची गिरणी निघाली होती. तथापि १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपेपर्यंत हे एक ऐसपैस, सुस्त गाव होते. त्यानंतर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापिलेले महाविद्यालय व १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ निघाले आणि शहरास पुन्हा प्राण आला. २०२३ मध्ये शहराचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. नावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, त्यात आम्ही भर घालीत नाही. एवढेच म्हणतो की, चार नावे धारण केलेल्या ह्या शहराच्या घशास कोरड पडली म्हणजे ती चारही नावांनी सारखीच पडते.

खरी वाढ झाली ती १९६० नंतर. प्रथम स्टेशनाजवळ, मग चिकलठाण्यास औद्योगिक वसाहत निघाली. १९८५ मध्ये वाळूजला बजाज कंपनीचा दुचाकी गाड्यांचा कारखाना सुरू झाला आणि मराठवाड्याच्या खेड्याखेड्यांतून तरुणांची रीघ लागली. सिडकोने पूर्वेस आखीव वसाहती बांधल्या; त्यांना एन-एक, एन-दोन अशी रुक्ष नावे दिली, परंतु रस्ते रुंद ठेविले व झाडांस जागा सोडली, हे कबूल केले पाहिजे. शिक्षक, कारकून, पोस्टातील नोकर अशा बेताच्या प्राप्तीच्या माणसास स्वतःचे छप्पर मिळाले ते प्रथम तेथे. ८ डिसेंबर १९८२ रोजी नगरपरिषदेची महानगरपालिका झाली. १९७१ च्या गणतीत सुमारे दीड लाख असलेली वस्ती १९९१ मध्ये पावणेसहा लाखांजवळ गेली आणि २०११ मध्ये ११ लाख ७५ हजारांवर पोहोचली. त्या काळात ‘आशिया खंडातील सर्वांत झपाट्याने वाढणारे शहर’ हे वाक्य येथे ज्याच्या त्याच्या तोंडी असे. वाढीचा वेग ही अभिमानाची गोष्ट कशी, हे आम्हास तेव्हाही कळले नाही. ज्वरही झपाट्याने वाढतो.

ह्या वाढीत अंबराचा क्रम उलटा झाला. आधी भूखंड पडले. शेतकऱ्याकडून एक-एक, दोन-दोन गुंठे तुकडे घेऊन लोकांनी घरे बांधली, ज्यास आम्ही गुंठेवारी म्हणतो. मग दिवाबत्तीची मागणी झाली, मग रस्त्याची, आणि सर्वांच्या शेवटी पाण्याच्या व मैल्याच्या नळांची. २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदाच सरकारास करावा लागला. ह्यात गरिबास दोष देण्याचे आमच्या मनात नाही. त्यास दुसरी जागा कोणी दाखविली नव्हती. परंतु आधी घर व मागून नळ अशी सवय एकदा शहरास लागली की ती बंगलेवाल्यांसही लागते. नहरीच्या मार्गावर घरे उठली, तिची तोंडे बुजली, आणि नाल्यावर भिंत घालून अंगण वाढविण्यात सुशिक्षितही मागे राहिले नाहीत.

पाणी नव्हते असे मात्र म्हणता येणार नाही. पन्नासएक किलोमीटरांवर पैठणला गोदावरी अडविली आहे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडी धरणाचा पाया घातला गेला व १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. त्या जलाशयास एकनाथमहाराजांचे स्मरण म्हणून नाथसागर म्हणतात, आणि तो पूर्ण भरला म्हणजे त्यात सुमारे १०२ टीएमसी पाणी मावते. शहराची तहान ह्या साठ्याच्या मानाने अल्पच. अडचण अशी की अंबराचे पाणी उतरून येत असे आणि हे पाणी चढवून आणावे लागते. पंप, वीज, लोखंडी नळ ह्यांवाचून ते एक पाऊल पुढे सरकत नाही. वीज गेली की पाणी गेले, नळ फुटला की दोन दिवसांचे वेळापत्रक कोसळले. नाथांच्या घरी श्रीखंड्याने कावडीने पाणी भरल्याची कथा आमच्या घरोघर सांगतात. आमच्या शहराची कावड पहिल्यांदा १९७० नंतरच्या दशकात आली, दुसरी मोठी १९९० नंतर लवकरच. आणि खांदेकरी तेच राहून घरे मात्र दुपटी-तिपटीने वाढली. मध्यंतरी एका खाजगी कंपनीकडे हे काम सोपविले गेले. २०१६ मध्ये तो करार रद्द झाला. डिसेंबर २०२० मध्ये १,६८० कोटी रुपयांच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, आणि पुढे तिचा आकडा २,७४० कोटींवर गेला. जी गोष्ट वेळेवर अल्प खर्चात होते ती उशिराने किती महाग पडते, ह्याचे गणित सातवीतील मुलासही सोडविता येईल.

ह्याच शहराच्या पूर्वेस व दक्षिणेस, शेंद्रे आणि बिडकीन येथे, ऑरिक नावाची नवी औद्योगिक नगरी वसविली जात आहे. सुमारे दहा हजार एकरांचा हा विस्तार. २०१९ च्या सप्टेंबरात तिच्या मुख्य भवनाचे उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झाले. तेथे रस्ते, पाण्याचे नळ, मैल्याचे नळ, विजेच्या तारा ही सर्व जमिनीखाली आधी घातली आणि भूखंड मागून दिले. म्हणजे चारशे वर्षांनी अंबराचा क्रम पुन्हा आढळला, तो मात्र कारखान्यांकरिता. आम्हास ह्या नव्या नगरीचा मत्सर नाही. आमचीच मुले तेथे नोकरीस लागणार आहेत. पण एकाच शहराच्या एका कडेस आधी नळ व मग इमारत, आणि दुसऱ्या कडेस आधी इमारत व मग टँकर, हे दृश्य पाहून मनुष्याने विचारात पडू नये काय?

आमच्या घराघरांतील मुले हल्ली कॅनडात आहेत. तिकडची छायाचित्रे येतात, स्वच्छ रस्त्यांची वर्णने येतात, आणि ‘तिकडची माणसेच निराळी’ असा निर्णय येथे ओसरीवर बसून दिला जातो. म्हणून तिकडील हॅमिल्टन ह्या बंदराच्या शहराची हकीकत सांगणे अप्रस्तुत होणार नाही. वस्ती आमच्याहून कमी, पावणेसहा लाखांच्या आसपास, पोलादाचे कारखाने, आणि शेजारी ओंटारियो सरोवराचे अथांग पाणी. इतके पाणी दाराशी असूनही १८५४ मध्ये तेथे पटकीने शेकडो माणसे दगावली, कारण विहिरींचे पाणी दूषित होते. तेव्हा शहाणे होऊन त्यांनी टॉमस कीफर नावाच्या स्थापत्यविशारदाकडून सरोवरातील शुद्ध पाणी वाफेच्या यंत्रांनी चढविण्याची योजना करविली व १८५९ मध्ये ती चालू केली. ती दोन अजस्र यंत्रे व त्यांचे दगडी घर त्या लोकांनी मोडून टाकले नाही. आज ते राष्ट्रीय स्मारक असून तेथे संग्रहालय आहे. आपल्या शहराचे पाणी कोठून आले हे ज्यास जाणावयाचे असेल त्यास ते तेथे जाऊन पाहता येते.

परंतु तिकडचे सर्वच गोमटे असेही कोणी समजू नये. त्याच शहरात २०१४ ते २०१८ अशी चार वर्षे, एका झडपेच्या दोषाने, सुमारे २४ अब्ज लिटर मैलापाणी एका ओढ्यात वाहत गेले. आणि त्याचे प्रमाण किती हे नागरिकांस कळले ते २०१९ च्या नोव्हेंबरात, वर्तमानपत्राने बाहेर काढले तेव्हा. लोक खवळले, पुढाऱ्यांस जाब विचारला गेला. म्हणजे माणसे निराळी नाहीत. आंधळेपणा तिकडेही आहे, लपवाछपवीही आहे. निराळे असेल तर एवढेच की, नळ आणि गटार हा तेथे चारचौघांत बोलण्याचा विषय आहे. आमच्याकडे तो मोलकरणीशी बोलण्याचा विषय आहे.

आमच्या शहरास ह्याचा चटका २०१८ मध्ये बसला. कित्येक दशके शहराचा सर्व केर नारेगावच्या शिवारात नेऊन टाकण्याची वहिवाट होती. तेथील ग्रामस्थांच्या विहिरी नासल्या, शेते नासली. त्यांनी केलेल्या अर्ज-विनंत्यांचा उपयोग झाला नाही. अखेर फेब्रुवारीत त्यांनी गाड्या अडविल्या आणि बघता बघता शहराचे चौक उकिरडे झाले. मार्चमध्ये मिटमिट्यास केराच्या गाड्यांवरून दगडफेक व लाठीमार झाला. नारेगावकरांचा अनेकांस त्या वेळी राग आला. आम्हास तो आला नाही. आपल्या घरचा केर दुसऱ्याच्या विहिरीवर टाकून आपण स्वच्छ म्हणविणे ही सोवळ्याची मोठी विचित्र कल्पना आहे. आणि सोवळे म्हणजे काय हे ज्या घरांस वेगळे शिकवावे लागत नाही, त्या घरांनी तरी ओला व सुका केर वेगळा ठेवण्यास इतके आढेवेढे घ्यावयास नको होते. स्वयंपाकघरात खरकटे वेगळे ठेवण्याची शिस्त पिढ्यान्पिढ्या पाळणारी गृहिणी घंटागाडीवाल्यापुढे मात्र सर्व एकाच पिशवीत कोंबून देते, हे आम्ही प्रत्यही पाहतो. त्या प्रसंगानंतर चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल येथे केरावर प्रक्रिया करणारी केंद्रे निघाली. म्हणजे मनावर घेतले की होते.

तसेच खाम नदीचे. २०२१ पासून महानगरपालिका, छावणी परिषद, काही स्वयंसेवी संस्था व उद्योजक ह्यांनी मिळून तिचे पात्र साफ करण्याचे काम चालविले. गाळ व केर निघाला, काठाने झाडे लागली, आणि ज्या ठिकाणी नाकास पदर लावून जावे लागे त्या ठिकाणी लोक सकाळी फिरावयास जाऊ लागले. ह्या कामाची बातमी ज्या मानाने व्हावयास पाहिजे होती त्या मानाने झाली नाही. त्या उलट, २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या निमित्ताने महिला प्रतिनिधींची दोन दिवसांची परिषद भरली तेव्हा रस्त्याकडेच्या भिंती रंगल्या, कारंजी उडाली, दरवाजांवर दिवे लागले आणि शहर धन्य झाले. दिव्यांस आमचा विरोध नाही. जुन्या दरवाजांची डागडुजी स्मार्ट सिटीच्या पैशातून झाली तेही योग्यच. चुना निघालेला दरवाजा पाहून कोणास आनंद होईल? पण दरवाजाची डागडुजी दहा वर्षांतून एकदा केली तरी चालते. नळाची, गटाराची, नाल्याची दर पावसाळ्यापूर्वी करावी लागते, आणि तिचे उद्घाटन होत नाही.

आता घरच्या गोष्टी. नळास परस्पर मोटार लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढणे ही चोरी होय. ती करणाऱ्या घरात देवपूजा नेमाने होते म्हणून तिचे नाव बदलत नाही. पाणीपट्टी व घरपट्टी थकवून ‘आधी पाणी द्या, मग पैसे देऊ’ म्हणणे वरवर न्याय्य वाटते, परंतु त्याच न्यायाने पंप बंद पडतो. गच्चीवरील पावसाचे पाणी गटारात न सोडता बोअरच्या कडेने जमिनीत मुरविणे हे काम एका पावसाळ्याच्या आत आणि एका लहान समारंभाच्या खर्चात होण्याजोगे आहे; आमच्या आळीतील ज्यांनी ते केले त्यांच्या बोअरला पूर्वीपेक्षा पुष्कळ दिवस अधिक पाणी टिकते. डोंगरउतारावर मुरलेले पाणी गोळा करावयाचे, हेच तर अंबराने केले होते. त्याने जे योजनभर लांबीत केले ते आपण अंगणात करावयाचे आहे.

शाळांच्या सहली प्रतिवर्षी मकबऱ्यास जातात. त्या मुलांस एखाद्या दिवशी हर्सूलच्या बाजूस नेऊन नहरीची जी थोडी तोंडे अद्याप शिल्लक आहेत ती दाखवावी, शेतकऱ्याची परवानगी घेऊन आत डोकावू द्यावे, आणि मग त्याच दिवशी परत येताना आपल्या गल्लीचा नळ कोणत्या टाकीवरून येतो व गटार कोणत्या नाल्यास मिळते हे प्रत्येकास शोधून वहीत लिहून आणावयास सांगावे. आम्ही असे उत्तर मोठ्या माणसांस विचारून पाहिले. दहांपैकी सात जणांस टाकी ठाऊक होती. नाला एकासही नाही.